सपाट रेघ

वांगं नापास झालं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि पाहुणे बारा वाजता येणार होते.

"किती आलं?" डॉ. उकिडव्यांनी दारातूनच विचारलं.

"मर्यादेच्या अकरा पट, सर."

"म्हणजे जास्त?"

"बरंच जास्त. शिवाय हे औषध भाजीवर मारायलाच बंदी आहे."

डॉक्टर आत आले, पडद्यावरच्या आलेखाकडे बघत उभे राहिले. सपाट चाललेल्या रेघेतून मधोमध एक सुळका उठला होता. डॉक्टरांचा प्रबंध वैरणीच्या गवतावर होता आणि गवतातलं त्यांना खूप कळत असे. पण सुळका म्हणजे काय हे तोवर आमच्या प्रयोगशाळेतल्या गंगाधरमामांनाही कळायला लागलं होतं.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि जिल्ह्याच्या गावी भाजीपाल्यातले कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कंत्राटी विश्लेषक होते. म्हणजे काम सगळं माझं, सही डॉक्टरांची. आमच्याकडे ट्रकभर वांग्यांत मिसळलेलं चिमूटभर औषध शोधून काढणारं एक परदेशी यंत्र आलं होतं. त्याचं उद्घाटन व्हायचं होतं म्हणून ते आठ महिने झाकून ठेवलं होतं. त्या आठ महिन्यांत जिल्ह्यानं काय काय खाल्लं ते कुणालाच कळलं नाही. पण यंत्राच्या अब्रूला धक्का लागला नाही.

उद्घाटनाचा बेत डॉक्टरांनी स्वतः आखला होता. शेवरखेडे नावाच्या गावातल्या बायकांच्या गटानं तीन वर्षं फवारणीशिवाय भाजी पिकवली होती. त्यांची वांगी यंत्रात तपासायची, मुंबईहून येणारे मोठे अधिकारी कळ दाबणार, भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांसमोर सपाट रेघ उमटणार, टाळ्या, आणि मग 'विषमुक्त गाव' अशी पितळी पाटी गटाच्या अध्यक्षांच्या हातात. ऐनवेळी फजिती नको म्हणून सकाळी मी रंगीत तालीम घेतली. फजिती वेळेआधीच हजर झाली.

"वांगी धुऊन पुन्हा करा," डॉक्टर म्हणाले.

"सर, नमुना धुवायचा नाही असं पद्धतीत लिहिलंय."

"घरी तुमच्या आई धुतात की नाही?"

"धुतात. पण हे औषध झाडात भिनतं. धुऊन जात नाही."

डॉक्टरांनी डोळे मिटले. थोर माणसं विचार करतात तेव्हा मिटतात तसे.

"कुलथे मॅडम, आपण वांग्याचा अर्क कशात काढतो?"

"द्रावकात."

"त्या द्रावकात कीटकनाशक असतं?"

"नाही."

"मग पाहुण्यांसमोर नुसतं द्रावकच टोचा. रेघ सपाट येईल. आणि आपण खोटंही बोलणार नाही. द्रावकात काही नाही हे शास्त्रीय सत्यच आहे."

इतक्या थोडक्या वेळात एवढं शुद्ध सत्य मी पुन्हा कधी ऐकलं नाही. ते हारांची चौकशी करायला निघून गेले.

मला मात्र राग डॉक्टरांचा आला नव्हता. त्यांच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती. राग आला होता शेवरखेड्याच्या बायकांचा. नऊ वाजल्यापासून त्या सातजणी बाहेरच्या बाकावर नव्या साड्या नेसून बसल्या होत्या. त्यांच्या अध्यक्ष कौसल्याबाई ढाकणे. पन्नाशीच्या, उंच, हातावर गोंदलेलं. मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मावशी, जरा आत येता?"

त्या आत आल्या. चपला दाराबाहेर काढल्या.

"फवारणी कधी केलीत?"

"फवारणी? तीन वर्सं झाली हात लावला न्हाई औषधाला."

"यंत्र दुसरंच सांगतंय."

"काय सांगतंय?"

मी सांगितलं. अकरा पट, बंदी, सगळं. आवाज चढवूनच सांगितलं. फसवणूक झालेल्या माणसाचा आवाज मला तेव्हा छान जमायचा. कौसल्याबाईंनी ऐकून घेतलं आणि ओट्याकडे बघत विचारलं, "कुठली वांगी तपासली?"

ताटात तीन उरली होती. जांभळीकाळी, लांबट, इतकी चकचकीत की त्यांत खिडकी दिसत होती. बाईंनी एक उचललं, उलटसुलट केलं, देठाशी अंगठा फिरवला.

"ही माझी न्हाईत."

"असं कसं? तुमच्याच नावाची चिठ्ठी आहे."

"चिठ्ठी आसंल माझी. वांगं माझं न्हाई. माझी काटेरी हायेत, हिरव्या रेघांची. देठ धरला की बोटात काटा जातोय. ह्याला काटा हाय का, बघा की."

मी देठ धरून बघितला. काटा नव्हता. मोठ्या यंत्राला जे जमलं नव्हतं ते अंगठ्यानं दोन सेकंदांत करून दाखवलं होतं.

मी गंगाधरमामांना हाक मारली. मामा आमचे परिचर. नोकरीची तीस वर्षं त्यांनी कुणालाही न दुखवता काढली होती. ते आले आणि बाईंच्या हातातलं वांगं बघून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"मामा, ही कुठून आली?"

"मंडईतून."

"कुणी आणायला सांगितली?"

"सायबांनी. काल गावाकडची टोपली आली ना, ती बघून म्हणाले, असली वाकडी, किडकी वांगी पाहुण्यांपुढं ठेवायची का? कीड लागलेली भाजी विषमुक्त वाटत नाही म्हणाले. मग मी चांगली बघून आणली."

"आणि चिठ्ठी?"

"चिठ्ठी टोपलीतली काढून ताटात ठेवली. कागद वाया कशाला घालवा."

"मग माझी टोपली कुठंय?" कौसल्याबाईंनी विचारलं.

मामांचा आवाज आणखी बारीक झाला. "कँटीनला. ड्रायव्हर लोकांच्या जेवणाला."

"आणि पाहुण्यांच्या जेवणाला?" मी विचारलं.

"त्यांना ही. चकचकीत."

आम्ही दोघी कँटीनकडे पळालो. पळालो म्हणजे मी पळाले. बाई पदर खोचून चालत आल्या आणि माझ्या आधी पोचल्या. सत्तारभाई एका पातेल्यात शेंगदाण्याचं वाटण कालवत होते. बाजूच्या परातीत शेवरखेड्याची वांगी चार-चार चिरा देऊन ठेवलेली, काही भरून झालेली.

"सत्तारभाई, थांबा! न भरलेली किती आहेत?"

"आठ-नऊ. का, मॅडम?"

"तपासायची आहेत."

सत्तारभाईंनी दुखावल्यासारखं बघितलं. "वीस वर्षं लोक माझ्या हातचं खाताहेत. आता तपासणार?"

त्यांची समजूत काढायला वेळ नव्हता. मसाला न लागलेली नऊ वांगी ओढणीत घेऊन मी परत आले, तेव्हा सव्वादहा वाजले होते. माझा बेत साधा होता. अर्क काढायला पाऊण तास, यंत्राला चोवीस मिनिटं. म्हणजे साडेअकराच्या आत खरं काय ते मला कळणार. रेघ सपाट आली तर पाहुण्यांसमोर हीच वांगी. नाही आली तर डॉक्टरांचं शास्त्रीय सत्य. धैर्य दाखवायचं, पण निकाल बघून. असं माझं धोरण होतं.

कौसल्याबाई बाकावर परत गेल्या नाहीत. माझ्या शेजारी उभ्या राहून बघत राहिल्या. मी वांगी मिक्सरमध्ये काढली, दहा ग्रॅम लगदा नळीत तोलला, द्रावक घातलं, हलवलं, मग क्षारांची पुडी ओतली.

"हे काय? मीठ?"

"मिठासारखंच. यानं पाणी खाली राहतं आणि द्रावक सुटून वर येतं. औषध असलं तर त्या वरच्यात येतं."

"कारल्याला मीठ लावलं की पाणी सुटतं, तसं."

"तसंच."

"मग हे शिकायला किती वर्सं लागली तुम्हाला?"

"पाच."

त्यांनी मान हलवली. कीव होती की आदर, मला कळलं नाही. नळी गरागरा फिरवणाऱ्या यंत्रात घातली, वरचं द्रावण शुद्ध करून बोटाच्या पेराएवढ्या बाटलीत भरलं. बाटली यंत्राच्या चकतीवर ठेवली. एक नंबरच्या खाचेत डॉक्टरांच्या हुकमाची, नुसत्या द्रावकाची. दोन नंबरच्या खाचेत शेवरखेडे. घड्याळात अकराला पाच कमी होते. मी खुर्ची ओढली.

आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

सरकारी पाहुणे तासभर आधी आल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. त्यांना म्हणे पुढे एका लग्नाला जायचं होतं. बघता बघता खोली भरली. डॉक्टर, हार, फोटोवाला, कृषी खात्याची माणसं आणि मागे सातजणी. कौसल्याबाईंना पहिल्या रांगेत बसवलं, कारण पाटी घ्यायची होती. माझ्या कीबोर्डच्या एंटरला लाल सॅटिनची फीत बांधली. पाहुणे उंच, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी फीत कापली आणि बोट वर धरून माझ्याकडे बघितलं.

"दाबू?"

पडद्यावर नंबर मला निवडायचा होता. एक की दोन. डॉक्टर माझ्या खांद्यामागून पुटपुटले, "एक, एक."

मी कौसल्याबाईंकडे बघायला नको होतं. त्या माझ्याकडे विनवणीनं वगैरे बघत नव्हत्या. माझ्या हाताकडे बघत होत्या. बाजारात तराजूच्या दांडीकडे बघतात तसं.

डॉक्टर फोटोसाठी पाहुण्यांकडे वळले, तेवढ्यात मी दोन दाबलं. "दाबा, सर," म्हणाले.

चोवीस मिनिटं. डॉक्टरांनी ती भाषणानं भरायला घेतली. माती, माता, मानव, यंत्र. भिंतीवर रेघ सरपटत होती. सपाट. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बंदीचं ते औषध उमटण्याची वेळ आली आणि गेली. रेघ हलली नाही. डॉक्टरांना वाटत होतं ते द्रावक बघताहेत, त्यामुळे ते निर्धास्त होते. "पाहा," ते म्हणाले, "किती शुद्ध!"

पंधराव्या मिनिटाला रेघ उचलली गेली. थोडीशीच. पडद्यावर वीतभर उंचीचा एक उंचवटा झाला आणि परत सपाट.

डॉक्टर वाक्याच्या मध्ये थांबले. द्रावकानं असा विश्वासघात करावा हे त्यांना अपेक्षित नव्हतं.

"हे काय उठलं?" पाहुण्यांनी विचारलं.

"यंत्र नवीन आहे, सर," डॉक्टर म्हणाले. "श्वास घेतंय."

पाहुण्यांनी समजल्यासारखी मान हलवली. फोटोवाल्यानं फोटो काढला. तिथंच सगळं संपलं असतं. टाळ्यांसाठी दोन-तीन हात उचललेही गेले होते. तेवढ्यात कौसल्याबाई उठून उभ्या राहिल्या.

"ताई, खरं सांगा. काय हाय ते?"

मी त्यांच्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. माझं कंत्राट त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात होतं.

"प्रोफेनोफॉस," मी म्हणाले. "कपाशीवर मारतात ते. मर्यादेचा चौथा हिस्सा आहे. खायला काही हरकत नाही. तुम्ही मारलं नसेल तर वाऱ्यानं शेजारून आलं असेल."

"पण आहे?" पाहुण्यांनी विचारलं.

"आहे, सर. मर्यादेच्या आत."

"पाटीवर तर 'विषमुक्त' लिहिलंय."

डॉक्टर पुढे झाले. "सर, 'जवळजवळ' घालून घेऊ. वर जागा आहे."

पाहुण्यांनी ते मनावर घेतलं नाही. उद्या पेपरवाले धरतील म्हणाले. पाटी पुन्हा खोक्यात गेली. यंत्राचं उद्घाटन झाल्याचं जाहीर झालं आणि मंडळी जेवायला उठली.

खरं बोलल्याचा आनंद मला साधारण दीड मिनिट झाला. मग दारात त्या सातजणी भेटल्या. पाटी मिळाली की शहरातल्या मोठ्या दुकानात त्यांना भाजीचं टेबल मिळणार होतं, हे मला तेव्हा कळलं. "तीन वर्सं किडी हातानं येचल्या आमी," त्यांच्यातली एक तरुण बाई म्हणाली, "आन् तुमी एका उंचवट्यासाठी..." मंडईतल्या वांग्याचं नाव कुठे आलं नव्हतं. डॉक्टरांचं तर नाहीच. जिनं खरं विचारलं, तिचंच मी नुकसान केलं होतं. कौसल्याबाईंनी चपला घातल्या आणि त्या एसटी स्टँडकडे निघाल्या.

मी डॉक्टरांना हात धुताना गाठलं.

"सर, पानात तीच मंडईची वांगी आहेत."

"एका जेवणानं काही होतं का, मॅडम? तुम्ही शास्त्र शिकलात ना?"

पाहुण्यांनी भरलं वांगं दोनदा मागून घेतलं आणि हीच खरी गावची चव म्हणाले. डॉक्टरांनी त्या दिवशी दहीभात खाल्ला. पोट जरा ठीक नाही म्हणाले. मी पाहुण्यांच्या टेबलापासून चार पावलांवर उभी होते आणि गप्प होते. दिवसभरात एक सत्य बोलून झालं होतं. दुसऱ्याची ताकद नव्हती. बाहेर झाडाखाली ड्रायव्हर लोक शेवरखेड्याची वाकडी वांगी खात होते. त्यांनी चवीबद्दल काहीच म्हटलं नाही, पण परात पुसून खाल्ली.

सोमवारी मी आले तेव्हा कौसल्याबाई फाटकाशी उभ्या होत्या. एकट्या. खांद्यावर पिशवी. तिच्यात चार पुडकी, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा.

मला वाटलं, भांडायला आल्या.

"ही लाल दोऱ्याची कडंच्या ओळीतली," त्या म्हणाल्या. "मग पिवळा, मग पांढरा. काळ्या दोऱ्याची पार वरच्या अंगाची. कुठनं येतंय ते बघायचं."

आठ महिने यंत्र झाकून होतं, त्याआधी दोन वर्षं फाइल फिरत होती, एवढी माणसं आली, भाषणं झाली. हे यंत्र कशासाठी असतं ते इतक्या जणांतून फक्त त्यांच्या लक्षात आलं होतं.

बाहेरच्या माणसाचा नमुना घ्यायची तरतूद नव्हती. मामा म्हणाले, "साहेब गुरुवारपर्यंत बैठकीला आहेत," आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी चारही नमुने लावले. दुपारपर्यंत आकडे आले. काळा दोरा, काही नाही. पांढरा, नावापुरतं. पिवळा, निम्म्याच्या आसपास. लाल, मर्यादेच्या दीडपट.

"कडेला कुणाचं शेत आहे?" मी विचारलं.

"दिराचं. लिंबाजीचं. कपाशी असती त्याची. पंधरा वर्सं सांगतीय, वारा बघून मार. तो म्हणतोय, माझं औषध बांध वलांडत न्हाई." त्यांनी कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग बोट लाल दोऱ्याच्या ओळीवर थांबलं. तिथंच राहिलं.

"काय झालं, मावशी?"

"कडंची बारकी ऱ्हात्यात. कपाशीच्या सावलीनं. इकायला न्हेता येत न्हाईत. ती आमी घरी खातो. नातवंडंबी."

मला शाळेपासून एम.एस्सी.पर्यंत जे काही शिकवलं होतं, त्यात यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी पाणी दिलं. त्या प्यायल्या नाहीत.

"आता घरी मधली खायची," शेवटी त्या म्हणाल्या.

"आणि कडेची? टाकून द्या ती."

"टाकायची कशाला?" त्यांनी कागदाची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली. "त्याचंच औषध हाय. त्याला परत करायचं."

मला वाटलं, रागानं बोलल्या. कंत्राट मार्चमध्ये संपत होतं आणि ते वाढवायचं नाही असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. नियमानुसार, अगदी हसतमुखानं. त्यामुळे माझंही लक्ष दुसऱ्या नोकरीत गुंतलं होतं.

तीन आठवड्यांनी मोटारसायकलवरून एक दणकट माणूस आला. फाटकाशी गाडी लावून बराच वेळ आत यावं की नाही असं करत राहिला. मामांनी त्याला माझ्याकडे आणलं. त्यानं खिशातून रुमालाची गाठोडी काढून ओट्यावर सोडली. दोन बारकी काटेरी वांगी.

"ह्यात औषध किती हाय ते सांगता का?"

"लिंबाजी ढाकणे?"

तो दचकला. "तुमाला कसं म्हाईत?"

"कपाशीला कोणतं औषध मारता?"

त्यानं नाव सांगितलं. मी वांगी घेतली नाहीत. खणातून त्या सोमवारच्या कागदाची प्रत काढून त्याच्यापुढे ठेवली आणि लाल दोऱ्याच्या आकड्यावर बोट ठेवलं. त्यानं तो दोनदा वाचला. दीडपट म्हणजे किती, लहान पोरांना काय होतं, शिजवल्यावर जातं का, असं एकेक विचारत गेला. मी जे होतं ते सांगितलं. डॉक्टर एकदा दारातून डोकावून गेले. कुणी शेतकरी यंत्राची स्तुती करायला आला असावा असं त्यांना वाटलं असावं. ते समाधानानं हसले.

"बांधाला मका लावतो," लिंबाजी शेवटी म्हणाला. "दाट. सा वळी. आन् वारा तिकडं आसला तर मारत न्हाई. तुमी सांगा वैनीला."

"तुम्हीच सांगा की. एका घरातली माणसं तुम्ही."

"बोलत न्हाई ती माझ्याशी," तो रुमालाची घडी घालत म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ नुसता वांग्याच्या भाजीचा डबा धाडती."